टेस्टोस्टेरोन-उपचारापूर्वीची रक्तपरीक्षा

आधी रोगाची परीक्षा व मग औषधाची योजना, हा क्रम आयुर्वेदाच्या संहितांपासून आजच्या रुग्णालयांपर्यंत सर्व वैद्यकांनी मान्य केलेला आहे. पुष्कळ औषधांच्या बाबतीत हा क्रम क्वचित चुकला तरी चूक सुधारण्यास वाव असतो. औषध थांबवावे, शरीर पूर्वस्थितीला येऊ द्यावे आणि परीक्षा नव्याने करावी, एवढे पुरते. परंतु काही औषधे अशी आहेत, की ज्या खुणांवरून रोगाचे निदान व्हावयाचे त्या खुणाच ती पुसून टाकतात. टेस्टोस्टेरोन हे अशा औषधांपैकी एक होय.

हा विषय आज महत्त्वाचा ठरण्यास एक विशेष कारण आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेल्या काही वर्षांत दूरवैद्यकाचा, म्हणजे दूरध्वनी व संगणक यांच्या साहाय्याने चालणाऱ्या वैद्यकीय सेवेचा, फार मोठा प्रसार झाला. थकवा, निरुत्साह किंवा कामेच्छेचा अभाव जाणवणारा पुरुष घरबसल्या प्रश्नावली भरतो, पडद्यावर डॉक्टरांशी काही मिनिटे बोलतो आणि टेस्टोस्टेरोनची सुई किंवा मलम टपालाने त्याच्या घरी येते. या व्यवहारात डॉक्टरांचा हात रुग्णाच्या शरीराला लागत नाही. रुग्णाच्या शरीराचा जो एकमेव अंश वैद्यकापर्यंत पोचतो तो म्हणजे प्रयोगशाळेत गेलेले त्याचे थोडेसे रक्त. त्या रक्ताला कोणते प्रश्न विचारावयाचे व ते केव्हा विचारावयाचे, यावर पुढील सर्व गोष्टी अवलंबून असतात.

संप्रेरकाचा शोध

टेस्टोस्टेरोन हे पुरुषाच्या शरीरातील प्रमुख पौरुष-संप्रेरक आहे. संप्रेरक म्हणजे एखाद्या ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोचणारे व तेथील कार्यास प्रेरणा देणारे द्रव्य. असे काही द्रव्य वृषणांतून रक्तात जात असावे, याचा पहिला प्रायोगिक पुरावा १८४९ साली मिळाला. गटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टहोल्ट या शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या काही पिलांचे वृषण काढून टाकले. ती पिले वाढली, पण त्यांचे तुरे खुरटेच राहिले आणि आरवणे व झुंजणे त्यांना आले नाही. परंतु ज्या पिलांच्या पोटाच्या पोकळीत वृषण पुन्हा बसविण्यात आले, ती मात्र इतर कोंबड्यांप्रमाणेच वाढली. वृषणाचा मूळचा मज्जातंतूंशी संबंध तुटलेला असूनही त्याचे कार्य चालू राहिले, त्या अर्थी ते रक्तामार्फत चालत असले पाहिजे, हे उघड झाले.

यानंतर शहाऐंशी वर्षांनी, १९३५ साली, आम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्वूर व त्यांचे सहकारी यांनी वळूंच्या वृषणांतून हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट व लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार करण्याच्या रीती स्वतंत्रपणे शोधून काढल्या. १९३९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले. तेव्हापासून टेस्टोस्टेरोन हे शरीराबाहेर तयार करून शरीरात घालता येणारे औषध झाले आणि ते कोणाला द्यावे हा प्रश्नही तेव्हापासूनच उभा राहिला.

टाकी आणि तोटी

वृषण आपल्या मर्जीने टेस्टोस्टेरोन तयार करीत नाहीत. त्यांना आज्ञा मिळते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीकडून. या ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. त्यांना एल. एच. व एफ. एस. एच. अशी संक्षिप्त नावे आहेत. एल. एच. वृषणातील लायडिख पेशींना टेस्टोस्टेरोन तयार करावयास लावते, तर एफ. एस. एच. शुक्रजंतूंच्या निर्मितीस साहाय्य करते. पोष ग्रंथीवर पुन्हा मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाची सत्ता असते. रक्तातील टेस्टोस्टेरोन पुरेसे वाढले की त्याची वार्ता या दोन्ही वरिष्ठ स्थानांना पोचते आणि आज्ञा मंदावतात. ते कमी झाले की आज्ञा पुन्हा जोर धरतात.

घरावरील पाण्याच्या टाकीत तरंगत्या गोळ्याची तोटी असते. पाणी चढले की गोळा वर येतो व तोटी बंद होते. पाणी उतरले की गोळा खाली जातो व तोटी उघडते. शरीरातील ही व्यवस्था जवळजवळ अशीच आहे. आता कल्पना करावी, की टाकीत पाणी कमी येते अशी तक्रार आहे आणि त्याचे कारण न शोधता कोणी बाहेरून बादल्यांनी टाकी भरू लागला. गोळा वर येईल व तोटी बंद होईल. मागाहून आलेल्या कारागिराला तोटी बंद दिसेल. पण ती मुळातच बिघडलेली होती, की नळाला पाणी नव्हते, की केवळ बादल्यांमुळे ती मिटली, हे त्याला सांगता येणार नाही.

बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरोनने शरीरात हेच घडते. एल. एच. व एफ. एस. एच. यांची रक्तातील पातळी अगदी खाली जाते आणि वृषणांचे काम मंदावते. यामुळे उपचारापूर्वीच्या रक्तपरीक्षेची उणीव उपचारानंतरच्या परीक्षेने भरून काढता येत नाही. उपचारापूर्वी रक्ताला एकंदर चार प्रश्न विचारावे लागतात. ते आता क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न : उणीव खरोखर आहे काय?

टेस्टोस्टेरोनच्या उणिवेची काही लक्षणे बरीच सूचक असतात. कामेच्छा मंदावणे, पहाटेचे लिंगताठरण नाहीसे होणे, अंगावरील केस विरळ होणे ही त्यांपैकी होत. परंतु थकवा, उदासपणा, चित्त एकाग्र न होणे, स्नायूंची शक्ती घटणे या लक्षणांवरून काहीच ठरत नाही. अपुरी झोप, रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार, मधुमेह, मानसिक खिन्नता यांतही ती तशीच आढळतात. म्हणून लक्षणांच्या जोडीला मोजमाप हवे.

हे मोजमाप नाजूक आहे. मर्यादेच्या खालच्या टोकाशी असलेल्या पुरुषाच्या शंभर मिलिलिटर रक्तरसात सुमारे ३०० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरोन असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्याच्या शरीरातील सुमारे तीन लिटर रक्तद्रवाचा हिशेब केला तरी एकूण मात्रा ९ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्षांशाहूनही कमी भरते. इतक्या सूक्ष्म मात्रा मोजणे शक्य झाले ते सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी १९५०–६० या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-मापनामुळे. यॅलो यांना १९७७ साली या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते. आज द्रव्यमान वर्णपटमापनाची रीत अधिक विश्वसनीय मानली जाते. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र निरनिराळ्या प्रयोगशाळांची मापने एकमेकींशी जुळवून घेण्यासाठी एक प्रमाणीकरण योजना चालविते. २०१७ साली अशा जुळविलेल्या मापनांवरून १९ ते ३९ वर्षांच्या, स्थूल नसलेल्या निरोगी पुरुषांची स्वाभाविक मर्यादा दर डेसिलिटरला २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम अशी ठरविण्यात आली.

ही मर्यादा रुंद आहे, आणि एकाच माणसाचा आकडाही दिवसभर एक राहत नाही. टेस्टोस्टेरोन पहाटे व सकाळी सर्वांत अधिक असते आणि दिवस चढेल तसे ते घटते. तिशी-चाळिशीतील पुरुषांत दुपारी चारची पातळी सकाळी आठच्या मानाने सुमारे २० ते २५ टक्क्यांनी कमी आढळते. सत्तरीच्या सुमारास हा फरक १० टक्क्यांवर येतो. समजा, एखाद्या तरुणाचे सकाळचे प्रमाण ३६० आहे. दुपारी त्याचेच रक्त घेतले तर आकडा २७० येऊ शकेल. ३०० ही सीमा धरल्यास हा तरुण सकाळी निरोगी व दुपारी रोगी ठरेल. जेवणानंतर, विशेषतः गोड पदार्थांच्या सेवनानंतरही, हे प्रमाण काही काळ खाली जाते. ताप व इतर तीव्र आजार, अफूजन्य वेदनाशामके, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेली कॉर्टिसोनवर्गीय औषधे यांनीही ते घटते.

म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी व अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन या दोन संस्थांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत एका बाबतीत पूर्ण मतैक्य आहे. लक्षणे असली पाहिजेत, आणि सकाळी घेतलेल्या रक्तात दोन वेगवेगळ्या दिवशी प्रमाण कमी आढळले पाहिजे. तरच उणीव सिद्ध झाली असे मानावे. पहिली संस्था रक्त उपाशीपोटी घ्यावे असेही सांगते. दुसरी संस्था ३०० नॅनोग्रॅम ही सीमारेषा सुचविते. पहिल्या वेळी किंचित कमी भरलेले अनेक पुरुष दुसऱ्या वेळी स्वाभाविक मर्यादेत सापडतात, हा अनुभव या नियमामागे आहे.

आणखी एक गुंतागुंत आहे. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरोन प्रथिनांना बांधलेले असते. केवळ दोनेक टक्के मोकळे असते. बांधणाऱ्या प्रथिनांपैकी एक विशेष प्रथिन स्थूलपणात व मधुमेहात कमी होते, तर वाढत्या वयात, यकृताच्या काही विकारांत व अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेत वाढते. हे प्रथिन कमी झाले की एकूण टेस्टोस्टेरोनचा आकडाही उतरतो. मोकळा भाग मात्र पुरेसा असू शकतो. स्थूल माणसाचा सीमेवरील आकडा म्हणूनच जपून वाचावा लागतो. अशा वेळी त्या प्रथिनाचे मापन करून मोकळ्या टेस्टोस्टेरोनचा हिशेब करतात किंवा ते थेट मोजतात.

केसांच्या वाढीसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेण्याची चाल अलीकडे पडली आहे. हे जीवनसत्त्व काही प्रकारच्या प्रतिरक्षा-मापनांत ढवळाढवळ करते व आकडे खोटे येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी आपण घेत असलेली सर्व औषधे व जीवनसत्त्वे सांगणे हे रुग्णाचे काम आहे. समोरासमोर बसलेला डॉक्टर ते विचारून घेतो. प्रश्नावलीत तो प्रश्न नसेल तर तो अनुत्तरितच राहतो.

दुसरा प्रश्न : बिघाड कोठे आहे?

उणीव सिद्ध झाली तरी निदान पुरे होत नाही. टाकीत पाणी नाही एवढे कळले. दोष नळाचा की तोटीचा, हे ठरावयाचे असते. त्यासाठी एल. एच. व एफ. एस. एच. यांचे मापन आवश्यक आहे.

टेस्टोस्टेरोन कमी आणि एल. एच. जास्त असेल, तर आज्ञा जोरात सुटत आहे पण वृषण ती पाळू शकत नाहीत, असा अर्थ होतो. गालगुंडाच्या रोगात वृषणांना झालेली इजा, कर्करोगावरील किरण किंवा रासायनिक उपचार, किंवा जन्मजात दोष ही त्याची कारणे असू शकतात. जन्मजात कारणांत क्लाइनफेल्टर लक्षणसमूह प्रमुख होय. हॅरी क्लाइनफेल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९४२ साली केले. अशा पुरुषाच्या पेशींत एक जादा एक्स गुणसूत्र असते, ही गोष्ट १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्स व जॉन स्ट्राँग यांनी दाखवून दिली. हा लक्षणसमूह दुर्मिळ नाही. तरीही पुष्कळ पुरुषांना आपल्या अवस्थेची कल्पना प्रौढपणापर्यंत नसते.

टेस्टोस्टेरोन कमी आणि एल. एच.ही कमी, किंवा वाढावयास हवे असताना नेहमीइतकेच, असे आढळले तर दोष वरच्या स्थानी आहे. आता प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे मापन करावे लागते. ते फार वाढलेले असल्यास पोष ग्रंथीत गाठ असण्याचा संभव असतो. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. पण ती वाढली तर जवळून जाणाऱ्या दृष्टि-मज्जातंतूंवर दाब पडून नजर अधू होऊ शकते. अशा पुष्कळ गाठी गोळ्यांनी आक्रसतात आणि रुग्णाचे स्वतःचे टेस्टोस्टेरोन पूर्ववत होऊ शकते. अशा रुग्णाला निदानावाचून टेस्टोस्टेरोन सुरू केले, तर त्याला काही दिवस बरे वाटेल. गाठ मात्र आतल्या आत राहील. शरीरात लोह साठत जाण्याचा विकारही पोष ग्रंथीला इजा करतो. त्यासाठी रक्तातील लोहाची तपासणी करतात.

स्थूलपणा, झोपेत श्वास अडण्याचा विकार व अफूजन्य औषधे ही वरच्या स्थानाचे कार्य मंदावण्याची नित्याची कारणे आहेत. वजन उतरविणे, झोपेच्या विकारावर उपचार करणे किंवा औषध बदलणे एवढ्यानेही येथे पुष्कळदा सुधारणा होते. याचा अर्थ असा, की ‘टेस्टोस्टेरोन कमी आहे’ या एकाच वाक्याखाली वावरणाऱ्या तीन माणसांपैकी एकाला आयुष्यभर संप्रेरक लागेल, दुसऱ्याला पोष ग्रंथीवर उपचार लागेल आणि तिसऱ्याला संप्रेरकाची गरजच नसेल. त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची वेळ औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीची असते.

तिसरा प्रश्न : औषध सोसेल काय?

टेस्टोस्टेरोन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी अधिक प्रमाणात तयार करावयास लावते. रक्ताच्या आकारमानात तांबड्या पेशींचा शेकडा भाग किती आहे, हे हिमॅटोक्रिट या परीक्षेने कळते. हा भाग फार वाढला की रक्त घट्ट होते. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मते तो आरंभीच ५० टक्क्यांच्या वर असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत उपचार थांबवून ठेवण्याचा विचार व्हावा. उपचार चालू असता तो ५४ टक्क्यांपर्यंत गेला तर औषध कमी करावे किंवा थांबवावे, असा संकेत आहे. म्हणून ही परीक्षा उपचारापूर्वी, पुढे तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करतात. आरंभीचा आकडा हाताशी नसला, तर पुढचा वाढलेला आकडा औषधाने वाढला की मूळचाच तसा होता, हे समजत नाही.

प्रोस्टेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अष्ठीला ग्रंथीचीही हीच गोष्ट आहे. या ग्रंथीचा पसरलेला कर्करोग पौरुष-संप्रेरक काढून घेतल्याने मंदावतो, हे चार्ल्स हगिन्झ यांनी १९४१ साली दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. टेस्टोस्टेरोनच्या उपचाराने हा कर्करोग नव्याने उद्भवतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु तो आधीच लपून असेल तर त्याचा शोध घेतल्यावाचून उपचार सुरू करणे धोक्याचे ठरेल. त्यासाठी चाळिशीनंतरच्या पुरुषांत पी. एस. ए. नावाच्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण पाहतात. उपचाराने हे प्रमाण थोडे वाढतेच. तेव्हा येथेही आरंभीचा आकडा हाच पुढील तुलनेचा आधार होय.

हृदयाविषयी बराच काळ वाद होता. २०१५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरोनच्या वेष्टनावर हृदयविकार व पक्षाघात यांच्या संभाव्य धोक्याची सूचना छापावयास लावली. २०२३ साली ‘ट्रॅव्हर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका मोठा असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत टेस्टोस्टेरोनच्या मलमाने हृदयाघात व पक्षाघात यांचे प्रमाण निरौषधी मलमाच्या मानाने वाढल्याचे दिसले नाही. हृदयाच्या ठोक्यांतील एक प्रकारची अनियमितता व फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत गुठळी अडकणे या गोष्टी मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळल्या. या चाचणीविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तीत घेतलेल्या प्रत्येक पुरुषाला लक्षणे होती आणि उपाशीपोटी केलेल्या दोन परीक्षांत त्याचे प्रमाण ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आले होते. तिने दिलेला दिलासा अशा तपासलेल्या पुरुषांपुरताच आहे. ज्यांची परीक्षा झालीच नाही, त्यांना तो लागू करता येणार नाही.

चौथा प्रश्न : संतती हवी आहे काय?

हा प्रश्न तरुणांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. टेस्टोस्टेरोन हे पौरुषाचे द्रव्य, तेव्हा ते घेतल्याने जननक्षमता वाढेल, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरोनची पातळी रक्तातील पातळीच्या अनेकपट असावी लागते. ती केवळ वृषणाने जागच्या जागी तयार केलेल्या संप्रेरकानेच साधते. बाहेरून औषध आले की एल. एच. व एफ. एस. एच. थांबतात, वृषणातील पातळी कोसळते आणि शुक्रजंतू कमी होतात किंवा पूर्णपणे नाहीसे होतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरोनच्या साप्ताहिक सुईची चाचणी पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

औषध थांबविल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परत येतात. पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि सर्वांनाच पूर्वीइतकी क्षमता लाभेल अशी खात्री देता येत नाही. म्हणून नजीकच्या काळात अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरोन देऊ नये, असे तज्ज्ञांचे मत आहे. ज्यांना पुढे केव्हातरी अपत्य हवे आहे, त्यांनी वीर्याची परीक्षा आधीच करून घेणे व गरज असल्यास वीर्य गोठवून जतन करणे श्रेयस्कर. वृषणांना स्वतःच काम करावयास लावणारी इतर औषधेही आहेत. कोणाला ती उपयोगी पडतील, हे पुन्हा एल. एच. व एफ. एस. एच. यांच्या आकड्यांवरूनच ठरते.

अंतरावरून होणारे निदान

अमेरिकेत १९९० सालच्या कायद्याने टेस्टोस्टेरोन नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या अनुसूचीत घालण्यात आले. २००८ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने नियंत्रित औषध आंतरजालावरून देण्यापूर्वी डॉक्टरने रुग्णास निदान एकदा प्रत्यक्ष तपासले पाहिजे, असे बंधन घातले. कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, हे बंधन शिथिल झाले आणि ती सवलत पुढे अनेकदा वाढविण्यात आली. दुर्गम ठिकाणच्या रुग्णांना या सवलतीने मोठा आधार दिला. तिचा दुसरा परिणाम २०२२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आला. थेट ग्राहकांना टेस्टोस्टेरोन पुरविणाऱ्या सात दूरवैद्यकीय संस्थांकडे एक बनावट रुग्ण गेला. त्याचे टेस्टोस्टेरोन पूर्णपणे स्वाभाविक मर्यादेत होते आणि आपल्याला पुढे अपत्य हवे आहे असेही त्याने सांगितले होते. तरीही सातपैकी सहा संस्थांनी त्याला टेस्टोस्टेरोन देऊ केले.

रक्तपरीक्षेनेही सर्व काही कळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. क्लाइनफेल्टर लक्षणसमूहातील लहान व कठीण वृषण, छातीत वाढलेली ग्रंथी, अष्ठीला ग्रंथीतील गाठ या गोष्टी हातालाच कळतात. घरी बोट टोचून थेंबभर रक्त टपालाने पाठविण्याची सोय उपयुक्त असली, तरी त्या थेंबात वरील सर्व परीक्षा होणे कठीण असते. चांगली दूरवैद्यकीय सेवा म्हणून रुग्णाला जवळच्या प्रयोगशाळेत सकाळी उपाशीपोटी पाठविते, परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा करविते आणि आकडे संशयास्पद आले तर रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी जवळच्या डॉक्टरकडे जाण्यास सांगते. भारतातही मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. दुरून केलेली तपासणी पुरेशी आहे की रुग्णाने समक्ष आले पाहिजे, हे ठरविण्याची जबाबदारी त्यांनी डॉक्टरवरच सोपविली आहे.

या सर्व परीक्षांचा हेतू औषध नाकारणे हा नाही. ज्याच्या शरीरात टेस्टोस्टेरोनची खरी उणीव आहे त्याची हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, स्नायू झडतात आणि संसारसुखही ओसरते. अशा पुरुषाला हे औषध मोठे वरदान ठरते व ते त्याला पुष्कळदा आयुष्यभर घ्यावे लागते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या उपचारात त्याचे डॉक्टर बदलतील, गावही बदलेल. प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिला प्रश्न पडेल तो हा, की औषध सुरू होण्यापूर्वी या माणसाची स्थिती काय होती. दोन सकाळींच्या टेस्टोस्टेरोनचे आकडे, एल. एच. व एफ. एस. एच., हिमॅटोक्रिट, पी. एस. ए. आणि गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन व वीर्यपरीक्षा यांचा कागद त्याने जपून ठेवला असेल, तर या प्रश्नाला उत्तर असेल. तो कागद तयार करण्याची संधी एकदाच येते आणि ती पहिल्या सुईपूर्वी घ्यावी लागते.